अन्ननलिकेतील स्टेंट जागचा हलू नये म्हणून

अन्ननलिकेच्या कर्करोगात घास उतरेनासा झाला, की अरुंद झालेल्या जागेत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. तो सरकणे ही या उपचारातली नेहमीची अडचण असून ती टाळण्याची बरीचशी तयारी स्टेंट बसवण्यापूर्वीच करावी लागते.

म्हणून स्टेंट कोणत्या प्रकारचा आहे, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. पूर्ण आवरण असलेला स्टेंट पुढे काढता येतो, पण तोच अधिक सहज सरकतो. टोकांना जाळी उघडी असलेल्या स्टेंटमध्ये आतले मांस वाढून तो धरला जातो, मात्र नंतर काढणे अवघड होते. अन्ननलिका जठराला मिळते तेथे बसवलेल्या स्टेंटचे खालचे टोक जठरात मोकळे राहते, त्यामुळे तेथे धोका वाढतो. केमोथेरपी किंवा रेडिएशनने गाठ आकसली की पकड सैल होते. गाठ लहान झाल्याच्या आनंदात हे नजरेआड होऊ देऊ नये. अशा रुग्णांचा स्टेंट एंडोस्कोपीतूनच, म्हणजे तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून, टाके घालून किंवा क्लिप लावून पक्का करता येतो, आणि ती सोय आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

बहुतेक स्टेंट निटिनॉलचे, म्हणजे निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. हा धातू शरीराच्या उष्णतेने फुलतो, थंडाव्याने मऊ पडतो, आणि स्टेंट पूर्ण उघडायला 1 ते 3 दिवस लागतात. तोवर फ्रीजमधले पाणी आणि इंदूरच्या सराफा बाजारातली थंडगार शिकंजी वर्ज्य समजावी.

इंदूरच्या आमच्या घरी सासऱ्यांना स्टेंट बसला, तेव्हा सर्वांत जड गेले ते सकाळचे शेव घातलेले पोहे आणि रविवारचे दाल-बाफले थांबवणे. पण अडकलेल्या घासाने उलटी होते आणि ओकारीच्या जोराने स्टेंट ढकलला जाऊ शकतो, हे कळल्यावर त्यांनीच हट्ट सोडला. आधी पातळ पदार्थ, मग डॉक्टरांच्या परवानगीने घोटलेली मूगडाळीची खिचडी, वरणात कालवलेला मऊ भात, सैल शिरा असे वाढत जावे. घास लहान घेऊन खूप चावावा, मधूनमधून कोमट पाणी प्यावे, जेवल्यावर तासभर ताठ बसावे, वाकून काम करू नये आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. केमोथेरपीच्या दिवशी उलटीवरचे औषध वेळेवर देण्यात हयगय करू नये.

घास अडकल्यास त्यावर पोळीचा किंवा केळ्याचा तुकडा ढकलू नये. गिळणे अचानक पुन्हा अवघड झाले, छातीत नवे दुखू लागले, पोट दुखून उलट्या होऊ लागल्या किंवा शौच काळी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. स्टेंट धातूचा असल्याने त्याची जागा एक्स-रेवर दिसते. त्या वेळी स्टेंटचा प्रकार, लांबी आणि बसवल्याची तारीख लिहिलेला कागद हाताशी असावा. आमच्याकडे तो सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात वरच ठेवलेला असतो.