साथीतले निर्बंध सिम्युलेशनवर तपासायचे असतील, तर आधी आकडे नीट जुळवा

सिम्युलेशन म्हणजे साथ संगणकावर चालवून पाहणं. पायथन येतं आणि शहराचे वॉर्डनिहाय आकडे हाताशी आहेत, असं धरून चालतो.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा. 'लॉकडाऊनचा उपयोग होतो का?' यावर काहीही चालवता येत नाही. 'लोकल आणखी तीन आठवडे बंद ठेवल्या तर आयसीयूच्या खाटा पुरतील का?' यावर येतं.

मग लोकसंख्येचे चार कप्पे करा: अजून लागण न झालेले, लागण झालेले पण न पसरवणारे, पसरवणारे, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. समीकरणं कुठल्याही पुस्तकात मिळतील; तीच आपलं मॉडेल. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ साली अशा कप्प्यांचं गणित मांडलं, तेव्हा पडताळ्यासाठी मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचे आकडे घेतले होते. मृत्यूंचे आकडे, हे लक्षात ठेवा.

कारण पुढची पायरी, मॉडेल प्रत्यक्ष आकड्यांशी जुळवणं, हीच खरी अवघड आहे. २०२० मध्ये मी कोविडच्या रोजच्या नव्या रुग्णांच्या आलेखाशी मॉडेल जुळवत बसलो. मध्येच चाचण्या वाढल्या, त्याबरोबर नोंदलेले रुग्ण वाढले, आणि मॉडेल सांगू लागलं की निर्बंध निरुपयोगी आहेत. ते चूक होतं, आणि मी ते बैठकीत मांडून बसलो होतो. रुग्णसंख्येशी जुळवा, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. जुलै २०२० अखेर मुंबईत नोंदलेले रुग्ण सुमारे १.१ लाख, म्हणजे शहराच्या जेमतेम एक टक्का. त्याच महिन्यात तीन वॉर्डांत झालेल्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीत, झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि बाहेरच्या १६ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या. म्हणून मॉडेल मृत्यू आणि सेरो सर्वेक्षण या दोन्हींशी एकदम जुळवा. मृत्यू लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी दिसतात, तेवढं अंतर धरा. आणि मुंबईसारख्या शहरात झोपडपट्टी आणि इमारती यांचे कप्पे वेगळेच ठेवा. सरासरी मुंबईकर नावाचा माणूस कुठेच राहत नाही.

दुसरा धोका लवकर दिसत नाही, कारण आलेख सुंदर जुळलेला असतो. लागण झाल्यापासून पसरवू लागेपर्यंत ३ दिवस, पसरवण्याचे ५ दिवस आणि एकापासून सरासरी २.५ जणांना लागण, असं धरलं तर रुग्ण पावणेपाच दिवसांत दुप्पट होतात. आता ५ दिवस, ८ दिवस आणि ३.८ जण धरा. दुपटीचा वेग तोच! पण लोकांचा संपर्क ६५ टक्क्यांनी कमी केला, तर पहिल्या मॉडेलमध्ये एकापासून ०.९ जणांना लागण होते आणि साथ ओसरते, दुसऱ्यात १.३ जणांना होते आणि ती वाढतच राहते. सुरुवातीच्या आकड्यांवरून यातलं खरं कुठलं हे संगणक सांगू शकत नाही. हे दिवस घराघरांतल्या संपर्क-शोधाच्या अभ्यासांतून घ्या, ते संगणकाला ठरवू देऊ नका. तरीही शंका उरली तर दोन्ही मॉडेलं चालवा आणि दोन्ही उत्तरं द्या.

पुढचं सोपं आहे. लोकल किंवा मास्क यांचा वेगवेगळा परिणाम हवा असेल, तर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भारतीय विज्ञान संस्थेने मुंबईसाठी केलं तसं घर, कामाची जागा, प्रवास असं माणसागणिक सिम्युलेशन लागतं. ते शेकडो वेळा चालवा, एका फेरीवर निर्णय नको.

तुलनेसाठी 'काहीच केलं नाही तर' ही स्थिती एकटी वापरू नका. १६ मार्च २०२० च्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या अहवालातला ब्रिटनमधल्या सुमारे ५.१ लाख मृत्यूंचा आकडा त्याच स्थितीचा होता, आणि तो भाकीत म्हणून फिरला. आदेश नसतानाही घाबरून घरी बसणारे लोक असतात. त्यांना धरून आणखी एक स्थिती चालवा आणि निर्बंधांचा फायदा तिच्यापासून मोजा.

निकाल देताना एक रेघ काढू नका, शक्य उत्तरांचा पट्टा दाखवा. नवं सेरो सर्वेक्षण आलं की जुळवणी पहिल्यापासून करा.