व्हिडिओ सुरूच होत नव्हता : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतकऱ्यांसाठी, कपाशीत कामगंध सापळे (किडींच्या पतंगांना गंधाने ओढून पकडणारे सापळे) कसे लावावेत हे दाखवणारा सात मिनिटांचा व्हिडिओ मी वेबपेजवर टाकला. घरी तो नीट चालला. पारावर बसलेल्या काकांच्या मोबाइलवर मात्र काळ्या चौकटीत नुसते चक्र फिरत राहिले आणि सापळा दिसण्याआधीच त्यांनी फोन खिशात ठेवला. ते माझ्या मनाला फार लागले.

दोष नेटवर्कचा असेल, असे आधी वाटले. प्रत्यक्षात एमपी४ फाइलमधील ‘मूव्ह’ हा भाग, म्हणजे कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका, फाइलच्या शेवटी होती. आणि आमचा सर्व्हर फाइलचा हवा तेवढाच तुकडा देत नसल्यामुळे, ती हाती येईपर्यंत ब्राउझरला सगळी फाइल उतरवून घ्यावी लागत होती. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय देऊन ती अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला आणली. चित्र आणि आवाज जसेच्या तसे कॉपी केले, त्यामुळे दर्जा मुळीच घटला नाही. पेज उघडताच डेटा पॅक संपू नये म्हणून ‘प्रीलोड’ या, व्हिडिओ सुरू करण्याआधी किती उतरवायचे हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये ‘मेटाडेटा’ (फक्त व्हिडिओची लांबी वगैरे माहिती) हा पर्याय निवडला.

व्हिडिओ पुढेमागे सरकवण्यासाठी तुकडे मिळणे आवश्यकच होते. ती सोय सर्व्हर बदलून करून घेतली. आता काका सापळ्याची उंची दाखवणारा भाग मागे घेऊन पुन्हा पाहतात.