खडतर रानातल्या शिकारीसाठी बूट: निवड करताना उतार डोळ्यांसमोर ठेवा

दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर जवळजवळ प्रत्येक बूट मऊ लागतो. रानात त्याची परीक्षा होते ती दिवस कलताना. तेव्हा पाय सुजलेले असतात, पाठीवर पंधरा-वीस किलोंचं ओझं असतं आणि पायाखाली सुट्या दगडांचा उतार. चढताना बूट ढिला असेल तर टाच घासते आणि सोलवटते. उतरताना अंगाचं आणि ओझ्याचं सगळं वजन प्रत्येक पावलाला बोटांच्या दिशेने ढकललं जातं. मग नखं काळी पडतात, थकलेला घोटा मुरगळतो, कच्चा तळ उकलतो. म्हणून बूट पारखायचा तो या उतारासाठी.

आधी जमीन, मग बूट

एकच बूट सगळीकडे चालत नाही. दिवसभर माळावर, खुरट्या झुडपांतून चालायचं असेल तर सहा ते आठ इंच उंचीचा, चवड्याशी सहज वाकणारा हलका बूट घ्या. कातळ, घसारा आणि तिरक्या उतारांच्या डोंगरात आठ ते दहा इंच उंचीचा, कडक तळाचा बूट लागतो. उतार आडवा कापताना फक्त तळाची कड जमिनीत रुतलेली असते. तळ मऊ असेल तर ती कड दुमडते आणि पाऊल खाली सरकतं. दलदलीत आणि सततच्या पाण्यात गुडघ्याखालपर्यंतचा रबरी गमबूटच बरा. तो वास धरत नाही आणि धुतला की स्वच्छ होतो. मात्र त्यात घाम कोंडतो आणि टाच नीट धरली जात नाही, त्यामुळे तो डोंगरात नेऊ नका.

कडकपणा हाताने तपासता येतो. एका हातात टाच, दुसऱ्यात बुटाचं टोक धरा आणि वाकवा. बूट चवड्याच्या रेषेवर वाकला पाहिजे. मधोमध, पायाच्या कमानीखाली घडी पडत असेल तर आत शँक नाही किंवा कमकुवत आहे. शँक म्हणजे तळाच्या थरांमध्ये बसवलेली स्टीलची किंवा नायलॉनची पट्टी. ती नसेल तर दगडांची टोकं दिवसभर तळव्याला टोचतात. मग ओला टॉवेल पिळतात तसा बूट पिळून बघा. डोंगरातल्या बुटाला तसा पीळ बसता कामा नये. उलट बाजूही लक्षात असू द्या: अतिकडक बूट सपाट जमिनीवर वाकत नाही, दर पावलाला टाच वर उचलली जाते आणि संध्याकाळपर्यंत फोड येतो.

उंच बूट म्हणजे घोट्याला आधार, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. उंचीमुळे काटे आणि खडे बाहेर राहतात. आधार मिळतो तो घोट्याभोवतीच्या चामड्याच्या ताठपणामुळे. तळहाताने बुटाची बाजू आत ढकलून बघा. ती कापडासारखी कोसळत असेल तर बूट दहा इंची असला तरी घोटा उघडाच आहे.

वजनाचा हिशेबही इथेच करा. पायातलं एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतकं दमवतं, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणून जाडजूड बूट 'असू दे, मजबूत तर आहे' म्हणून घेऊ नका. जमीन मागेल तेवढंच वजन घ्या.

वरचं चामडं, आतलं अस्तर

खडकाळ जमिनीसाठी २.४ ते २.८ मिलिमीटर जाडीचं, वरचा मूळ पापुद्रा शाबूत असलेलं फुल-ग्रेन चामडं सर्वांत टिकाऊ. नुबक म्हणजे त्याच पापुद्र्यावर हलकी घासाई केलेलं चामडं, तेही चांगलं. स्वेड बहुधा कातड्याच्या खालच्या थरातून काढतात. ते लवकर पाणी पितं आणि कातळावर लवकर झिजतं. नायलॉनच्या कापडाचे बूट हलके असतात, लवकर वाळतात आणि पहिल्या दिवसापासून मऊ असतात, पण काटा त्यांतून आरपार जातो.

शिवणी मोजा. प्रत्येक शिवण म्हणजे भोकांची एक रांग आणि दगडावर घासणारा दोरा. बूट वाकतो त्या चवड्याच्या बाजूंना शिवण असेल तर तो बूट घेऊ नका, कारण तिथेच आधी दोरा तुटतो. टोकाभोवती आणि खालच्या कडेने रबराची रुंद पट्टी असेल तर चामडं दगडांपासून वाचतं.

पाणी अडवणाऱ्या पातळ पटलाबद्दल (गोअर-टेक्स वगैरे) नीट विचार करा. गवतावरचं दव, ओढे, बर्फ असेल तर ते हवंच. गरम, कोरड्या रानात ते घामच कोंडतं. शिवाय पाणी वरून एकदा आत शिरलं की तेच पटल त्याला बाहेर जाऊ देत नाही आणि बूट वाळायला फार वेळ घेतो. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी जिथपर्यंत शिवलेली आहे, पाणी तिथपर्यंतच अडतं. दहा इंची बुटाची जीभ सहा इंचांपर्यंतच शिवलेली असेल तर पाण्याच्या दृष्टीने तो सहा इंची बूट. दुसरी एक फसगत नेहमी होते: बाहेरचं चामडं पाणी पिऊन जड झालं की घामाची वाफ बाहेर पडत नाही, मोजे ओले होतात आणि माणूस म्हणतो बूट गळतो. अशा वेळी बूट बदलायची गरज नसते, चामड्याला पुन्हा जलरोधक मेण लावलं की काम होतं.

उबेसाठीच्या भरणावर २००, ४००, ८०० ग्रॅम असे आकडे असतात. ते बुटाचं वजन नव्हे, भरणाचं दर चौरस मीटरचं वजन आहे. चालत शिकार करणाऱ्याने भरण नसलेला किंवा २०० ग्रॅमपर्यंतचा बूट घ्यावा. थंडीत तासन्तास एका जागी दबा धरून बसायचं असेल तर ४०० ते ८०० ग्रॅम. जास्त भरणाच्या बुटात चढ चढलात की पाय घामेजतो आणि थांबल्यावर तोच घाम पाय गारठवतो. जाड मोज्यांवर मोजे चढवून बूट आवळला तरीही पाय गारठतो, कारण रक्त फिरत नाही आणि ऊब धरणारी हवा दबून जाते.

तळ

आज डोंगरी बुटांखाली दिसणारा खोल खाचांचा रबरी तळ इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी आणला. १९३५ साली आल्प्समध्ये त्यांचे सहा सोबती दगावले, त्यात अपुऱ्या पादत्राणांचाही हात होता. त्यानंतर १९३७ मध्ये हा तळ आला. तळ निवडताना तीन गोष्टी बघा. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात. दात एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर चिखल अडकून तळ गुळगुळीत होतो. आणि टाच पुढच्या भागापासून स्पष्ट पायरीसारखी वेगळी हवी, कारण उतारावर ती पायरीच ब्रेक मारते. मऊ रबर ओल्या कातळाला चिकटतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण शेवाळावर दगा देतं. शिकाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते: आवाज. मऊ तळातून काटकी मोडण्याआधी पायाला जाणवते, कडक तळातून ती मोडल्यावर कळते.

रबर आणि पाय यांच्या मधला थर बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि बूट सर्वांत वाईट दगा देतो तो तिथे. हा थर ईव्हीएचा (एक हलका फोम) असेल तर तो हलका असतो, पण ओझ्याखाली हळूहळू कायमचा दबतो. पीयूचा (पॉलीयुरेथेन या दुसऱ्या फोमचा) थर जड आणि जास्त टिकाऊ, मात्र हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो. चार-पाच वर्षं खोक्यात नुसता ठेवलेला, नवाकोरा दिसणारा बूटही या कुजण्यातून सुटत नाही. मग रानात पहिल्याच उतारावर अख्खा तळ सालपटासारखा निघून येतो. म्हणून सवलतीतला जुना माल घेताना जिभेच्या आतल्या लेबलावर उत्पादनाची तारीख असेल तर वाचा. थराच्या कडेवर अंगठा जोरात दाबा आणि बूट वाकवून कडेकडे निरखून बघा. बारीक भेगा, चिकटपणा किंवा बोटाला लागणारी भुकटी दिसली तर बूट फुकट मिळाला तरी नको.

माप

माप संध्याकाळी, चालून आल्यावर घ्या, कारण तेव्हा पाय फुगलेले असतात. रानात घालणार तेच मोजे घाला. दोन्ही पाय उभं राहून मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

आधी बुटातला इनसोल (तळव्याखालची सुटी गादी) काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल बाजूंनी बाहेर ओघळत असेल तर बूट अरुंद आहे, लांबी वाढवून तो दोष जात नाही. बोटांपुढे सव्वा ते दीड सेंटीमीटर जागा दिसली पाहिजे. इनसोल परत घाला, लेस न बांधता पाय पुढे टेकेपर्यंत सरकवा. टाचेमागे एक बोट जेमतेम मावलं पाहिजे. दोन मावत असतील तर बूट मोठा.

आता टाच मागे आपटून बसवा, लेस खालून वर ओढत बांधा. चवड्यावर उभे राहा आणि बूट कुठे वाकतो ते बघा. घडी चवड्याच्या रुंद भागावर नसून बोटांवर पडत असेल तर लांबी बरोबर असूनही हा साचा तुमच्या पायाचा नाही. मग दुकानातली फळी तिरकी लावा किंवा जिना शोधा. तोंड उताराकडे करून पाय जोरात आपटा, दहा वेळा. एकदाही बोट टोकाला लागलं तर तो बूट परत द्या, 'पुढे सैल होईल' असं मनाला समजावू नका. चामडं रुंदीला सैलावतं, लांबीला वाढत नाही. चढाकडे तोंड करून टाच किती उचलते तेही बघा. तीन-चार मिलिमीटर चालेल, त्याहून जास्त नको. शेवटी अर्धा तास बूट पायातच ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत न दिसलेली टोचणी विसाव्या मिनिटाला दिसते.

लेस, मोजे, पाय सरावणं

उतार लागण्याआधी दोन मिनिटं थांबून लेस नव्याने बांधा. टाच आपटून मागे बसवा. पावलावरची लेस आवळा. घोटा जिथे वाकतो तिथे, पहिल्या हुकाखाली, दोन्ही लेसा एकमेकींभोवती एकाऐवजी दोनदा गुंडाळा आणि ओढा. हा दुहेरी पीळ सुटत नाही, त्यामुळे खालचा ताण खालीच अडकून राहतो आणि पाऊल पुढे सरकत नाही. त्यावरचे हूक थोडे सैल ठेवा म्हणजे पोटरीला हालचाल करता येते.

सुती मोजे घालू नका. ते घाम पिऊन ओले राहतात आणि ओली कातडी लवकर फाटते. लोकरीचे किंवा लोकर-नायलॉन मिश्र मोजे घ्या.

जाड चामड्याचा बूट पायाला सरावायला दोन-तीन आठवडे द्या: आधी घरात तास-दीड तास, मग जवळपास चालणं, मग ओझं घेऊन उतार. बूट गरम पाण्यात भिजवण्याचा जुना उपाय करू नका, त्याने गोंद सुटतो. पायात कुठे घासून चटका बसल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधीची ती शेवटची खूण असते.

ओला बूट शेकोटीजवळ ठेवू नका. चामडं आकसून तडकतं आणि तळाचा गोंद मऊ पडतो. इनसोल काढा, आत कागद कोंबा, दोन तासांनी बदला, सावलीत वाऱ्यावर ठेवा. चामड्याला मेण पातळ लावा. तेल चोपडत राहिलात तर चामडं लिबलिबीत होतं आणि घोट्याचा ताठपणा जातो. शिवून बसवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो; घेतानाच हे विचारून ठेवा, आणि टाचेची पायरी गोल झाली की लगेच बदला, पुढच्या खाचा कितीही खोल दिसत असल्या तरी.