पोळीभाजी केंद्र चालवताना कामं दुसऱ्यांवर सोपवायची कशी

पोळीभाजी केंद्र, डबे, फराळ असा छोटा धंदा करणारे बहुतेक जण म्हणतात की माणसं ठेवलीयत पण काम काही कमी झालं नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण असं की आपण हातातलं काम देतो पण ठरवायचं काम देत नाही. मावशी पोळ्या लाटतात पण आज किती लाटायच्या ते आपल्याला विचारतात, पोरगा भाजी आणतो पण मेथी महाग आहे, घेऊ का, म्हणून मार्केट यार्डातून फोन करतो, मग काम आपल्याच डोक्यात राहिलं ना.

म्हणून सगळ्यात आधी कामांची यादी करू नका, प्रश्नांची करा. आठवडाभर ओट्याजवळ एक वही ठेवा आणि जो कोणी "ताई, हे किती?", "ताई, ते कधी?" विचारेल तो प्रश्न लिहून ठेवा. आठवड्याने बघा, तेच तेच प्रश्न परत परत आलेले दिसतील आणि जो सगळ्यात जास्त वेळा आलाय तिथून सुरुवात करायची.

बरेचसे प्रश्न मापाचे असतात कारण आपलं सगळं अंदाजाने चालतं. तो अंदाज वजनात आणा, वजनकाटा काही महाग येत नाही. उदा. १ किलो कणकेला साधारण ६०० मिली पाणी धरलं तर १.६ किलो गोळा होतो (पीठ बदललं की पाणी थोडं कमीजास्त होतं), ४० ग्रॅमची लाटी केली तर ४० पोळ्या. हे एकदा भिंतीवर लिहून लावलं की उद्या १२० पोळ्यांची ऑर्डर आहे एवढंच सांगायचं, ३ किलो कणीक मावशी स्वतःच काढतील. भाजीचं मीठ, तिखट, तेल पण असंच, पण तुमच्या हाताने घालताना वाटी काट्यावर ठेवून मोजा, आठवून लिहिलेलं माप हमखास चुकतं.

आता खरेदी. इथे माणसाला पैशाची मर्यादा द्या आणि त्या मर्यादेच्या आत त्याला अजिबात विचारायला लावू नका, म्हणजे भाजीला आजचे एवढे पैसे, एक पालेभाजी एक फळभाजी हवी, मेथी परवडत नसेल तर पालक की चवळई ते तू ठरव. पावसाळ्यात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव कुठल्या कुठे जातो, तेव्हा त्याने कोथिंबीर आणलीच नाही तरी ओरडायचं नाही, कारण तो निर्णय तुम्हीच त्याला दिलाय. एकदा ओरडलात की दुसऱ्या दिवसापासून परत फोन सुरू!

पैसे देण्यासाठी स्वतःचा यूपीआय पिन कुणाला सांगू नका, प्लीज, कितीही विश्वासातला असला तरी. यूपीआय सर्कल म्हणून सोय २०२४ मध्ये आलीय, त्यात तुमच्या खात्यातून दुसऱ्याला त्याच्या फोनवरून पैसे देता येतात, फुल डेलिगेशनमध्ये (म्हणजे दर वेळी तुमची परवानगी घ्यावी लागत नाही) महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत, आणि त्याच्या आत तुम्ही अजून कमी लिमिट लावू शकता. ऑर्डरींचंही तसंच, व्हॉट्सॲप बिझनेस तुमच्या फोनशिवाय आणखी ४ डिव्हाइसवर लिंक होतं, म्हणजे "आज भाजी काय" याचं उत्तर काउंटरवरची मुलगी देऊ शकते, फोन तुमच्या कमरेलाच हवा असं काही नाही.

सोपवायचं नाही ते पण ठरवून टाका. माझ्या मते दर, नवीन माणूस ठेवणं आणि शेवटची चव ही तीन कामं मालकाचीच. जीएसटी असेल तर रिटर्न सीएला भरू दे, पण मासिक ३बी (दर महिन्याचा जीएसटी रिटर्न) ची तारीख पुढच्या महिन्याची २० ही तुमच्या डोक्यात हवी, कारण नोटीस सीएला येत नाही, तुम्हाला येते.

काम देताना पहिले काही दिवस ती व्यक्ती बघेल, मग तुमच्यासोबत करेल, मग एकटी करेल आणि तुम्ही ठरलेल्या वेळी एकदाच बघाल, समजा डबे निघायच्या आधी ११ वाजता. मधे मधे जाऊन झाकणं उघडून बघू नका. पोळी तुमच्यासारखी गोल नाही झाली पण मऊ आहे आणि वेळेत झालीय तर ती चांगली पोळी आहे, सगळ्यांसमोर परत लाटून दाखवायची नाही, त्या बाईचा हात तिथेच थांबतो.

आणि हे फार कमी जण करतात पण मला अगदी मनापासून वाटतं, जिच्यावर जबाबदारी टाकली तिचा पगार त्याच महिन्यापासून वाढवा, दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबू नका. आधी लाटण्याचे पैसे देत होतात, आता ती हिशोबही ठेवतेय, तर त्याचे वेगळे पैसे झाले, आणि ते तिला सांगून द्या की हे यासाठी आहेत.