‘त्या एका दिवसाने जग बदललं’ असं लिहिताना या चुका टाळा

लढाया आणि राजकीय खून यांवर लिहिताना हात आपोआप एका वाक्याकडे वळतो: अमुक घडलं आणि त्यामुळे तमुक झालं. हे ‘त्यामुळे’ पुष्कळदा फुकटचं असतं. ते तपासायचं कसं, हे चुकांच्या अंगानेच पाहू.

ठिणगीलाच दारूगोळा समजणं

२८ जून १९१४, बोस्नियातलं साराएव्हो. गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या पोराने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. पुढचं वाक्य ठरलेलं: ‘आणि पहिलं महायुद्ध पेटलं.’ पण ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते २८ जुलैला. मधला महिना गेला कुठे? ५ जुलैला जर्मन सम्राटाने ऑस्ट्रियाला निःशंक पाठिंबा कळवला. २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत मिळाली. आणि युद्ध पुकारल्यावरही ते दोघांपुरतं राहिलं नाही, कारण ३० जुलैला रशियाने संपूर्ण सैन्य सज्ज करण्याचा हुकूम काढला. यातला प्रत्येक निर्णय कुणीतरी खुर्चीत बसून, विचार करून (किंवा न करून) घेतला. घटना आणि परिणाम यांच्यामधले दिवस मोजा. त्या दिवसांत सही कुणी केली ते शोधा. निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते: तसाच खून झाला, पण पुढे काहीच घडलं नाही, असं उदाहरण शोधायचं. ते दूर नाही. १० सप्टेंबर १८९८ला जिनिव्हात लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिला भोसकलं. सम्राट १९१४ला होता तोच, फ्रान्झ जोसेफ. मेली ती तर त्याची बायको. इटलीशी युद्ध झालं नाही. म्हणजे राजघराण्यातला खून एकटा युद्ध घडवत नाही. आता फरक शोधा. लुकेनीमागे कुठलं सरकार नव्हतं. साराएव्होच्या कटवाल्यांना मात्र सर्बियाच्या लष्करी अधिकाऱ्यांकडून शस्त्रं मिळाली होती. शिवाय ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, सर्बियाशी युद्ध मागणारा गट आधीपासून टपून होता आणि त्याला विरोध करणाऱ्यांतला सर्वांत वजनदार माणूस होता खुद्द फ्रान्झ फर्डिनांड. गोळी लागली ती त्यालाच.

आणि हो, ते सँडविच. प्रिन्सिप सँडविच घ्यायला थांबला आणि योगायोगाने गाडी समोर आली, ही गोष्ट वाचायला झकास आहे, पण त्या काळच्या कागदपत्रांत सँडविच सापडत नाही. तो उभा होता तो आधी जाहीर झालेल्या मार्गावरच. सकाळच्या बॉम्बहल्ल्यानंतर मार्ग बदलायचं ठरलं, पण ते ड्रायव्हरला कुणी सांगितलं नाही आणि त्याने जुन्याच मार्गाने गाडी वळवली. हा निष्काळजीपणा खरा आहे, आणि सँडविचपेक्षा बोलका.

कारणाआधीच सुरू झालेला ‘परिणाम’ न पाहणं

‘१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय समुद्रमार्ग शोधायला निघाले.’ शाळेपासून हे इतकं पक्कं बसलंय की कुणी तारखा पडताळत नाही. पोर्तुगीजांनी मोरोक्कोतलं सेउटा जिंकलं १४१५ला. जिल एआनिशने केप बोजादोर ओलांडला १४३४ला. ‘परिणाम’ कारणाच्या १९ वर्षं आधीच आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होता! त्यातून व्हेनिसचे व्यापारी १४५३नंतरही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात मसाले विकत घेतच होते. इजिप्त १५१७पर्यंत मामलुक सुलतानांच्या ताब्यात होतं, तुर्कांच्या नव्हे. पोर्तुगीजांना ओढ होती ती आफ्रिकेतल्या सोन्याची, आणि पुढे व्हेनिसची मक्तेदारी मोडण्याची. कॉन्स्टँटिनोपल पडणं ही प्रचंड घटना होतीच, पण हे ओझं तिच्या डोक्यावर टाकायला नको.

‘नेपोलियन वॉटर्लूला हरला आणि युरोपची नवी घडी बसली’ याचंही थोडं असंच. लढाई १८ जून १८१५ची. ती घडी ठरवणाऱ्या व्हिएन्ना परिषदेच्या अंतिम करारावर सह्या झाल्या त्याआधीच, ९ जूनला. नेपोलियन त्या दिवशी जिंकला असता तरी ऑस्ट्रिया आणि रशियाच्या फौजा यायच्याच होत्या.

निकालावरून हेतू ठरवणं

इ. स. पू. ४४च्या १५ मार्चला सीझरला मारणाऱ्यांना प्रजासत्ताक वाचवायचं होतं. १७ वर्षांनी हाती आला पहिला सम्राट, ऑगस्टस. म्हणून ते साम्राज्याचे शिल्पकार ठरत नाहीत. जाता जाता: ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हे वाक्य शेक्सपिअरच्या नाटकातलं, आणि खून झाला तो सिनेटच्या नेहमीच्या इमारतीत नव्हे, तर सेनापती पॉम्पीने बांधलेल्या सभागृहात.

आकडे आणि तारखा

थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियन फौजेला अडवणारे ‘फक्त ३०० स्पार्टन’ नव्हते. सुरुवातीला ग्रीक काही हजार होते आणि शेवटपर्यंत थेस्पिया या ग्रीक नगराचे ७०० जण स्पार्टनांसोबत उभे राहिले. रशियातली ऑक्टोबर क्रांती तिथल्या तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेने ऑक्टोबरातली, पण आपल्या दिनदर्शिकेने ७ नोव्हेंबर १९१७ची. एकाच लेखात दोन पद्धती मिसळल्या की घटनांचा क्रमच उलटतो.

चूक दुरुस्त करतानाही सावध राहा. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातली न्यू ऑर्लिन्सची लढाई (८ जानेवारी १८१५) ‘युद्ध संपल्यावर’ झाली, असं हुशारीने सांगणारे भेटतात. ते युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहावर सह्या २४ डिसेंबर १८१४लाच झाल्या होत्या हे खरं. पण दोन्ही बाजूंची मंजुरी मिळेपर्यंत लढाई थांबणार नाही असं तहातच लिहिलं होतं, आणि अमेरिकी सिनेटची मंजुरी मिळाली १६ फेब्रुवारीला.