एल्डरबेरी-व्हायबर्नमवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा (बहुतेक मी आधीच करून बसलोय)

साताऱ्यात बीएस्सी-एमेस्सी बॉटनीची पोरं प्रोजेक्टच्या टायमाला फोटो पाठवतात, "सर ही सांबुकस (म्हणजे एल्डरबेरी) आहे ना?" आणि दहातल्या नऊ वेळा ती सांबुकस नसते. पांढऱ्या बारक्या फुलांचा छत्रीसारखा झुपका दिसला की झालं, नेटवर एल्डरबेरीचा फोटो तसाच दिसतो म्हणून नाव चिकटवून मोकळे. मी पण हेच केलं होतं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला पावसाळ्यात एक झुडूप दिसलं, संयुक्त पानं (एका पानाचे अनेक छोटे भाग, म्हणजे पर्णिका), वर सपाट झुपका, काळी जांभळी फळं, मी तर नाचायचाच बाकी राहिलो, आणि शेजारी गुरं राखणारी एक मावशी म्हणाली, "आवं ती करकणी हाय, त्यात काय बघताय एवढं." करकणी म्हणजे लीया इंडिका. मावशी बरोबर होती, मी चूक.

सांबुकस मुळात आपल्या सह्याद्रीतलं रानझाड नाहीच, हिमालयात आहे, सांबुकस वाइटियाना काश्मीरकडं मिळते. इकडं दिसली तर कुणीतरी बागेत लावलेली असणार हे आधी डोक्यात ठेवा. व्हायबर्नमचं तसं नाही, व्हायबर्नम पंक्टेटम पश्चिम घाटात आहे, पानाच्या मागं गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके असतात त्यावरूनच ते नाव पडलंय. दक्षिणेला निलगिरीत अजून जाती आहेत, त्यातल्या व्हायबर्नम सिलिंड्रिकमच्या पानावर मेणाचा थर असतो, नखानं ओढलं की पांढरी रेघ उमटते.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, फुलाकडं बघून नाव ठरवणं. आधी पान कुठं चिकटलंय ते बघा. सांबुकस आणि व्हायबर्नम दोघांची पानं समोरासमोर येतात, करकणीची एकाआड एक. एवढ्यावरच माझी सांबुकस बाद झाली असती. दोघांतला आपसातला फरक पण सोपा आहे, सांबुकसचं पान संयुक्त, व्हायबर्नमचं साधं. इथं एक गोची होते, पोरं संयुक्त पानातली एक पर्णिका तोडून आणतात आणि तिलाच पान समजतात. कळी कुठं आहे ते शोधा, ती पानाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या बुडाला नसते. म्हणून फांदीचा तुकडा, त्यावर दोन्ही बाजूची पानं शाबूत, असाच नमुना घ्यायचा.

मग फळ हातात घ्या. संदलाचे (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांचे) वाळके दात फळाच्या डोक्यावर दिसतात का बुडाशी? डोक्यावर असतील तर बीजकोष (ज्याचं पुढं फळ होतं तो भाग) संदलाच्या खालचा, म्हणजे सांबुकस किंवा व्हायबर्नम असू शकतं. बुडाशी असतील तर करकणी, प्रेम्ना वगैरे मंडळी. पापट (पॅव्हेटा) मात्र इथं पण फसवतो कारण त्याचे पण दात डोक्यावरच आणि पानं पण समोरासमोर, पण पापटाच्या दोन पानांच्या मधे खोडावर उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं छोटं पानासारखं टोक) असतं, फुलाला पाकळ्या चार आणि मधून लांबलचक कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) बाहेर आलेला. व्हायबर्नमला पाकळ्या पाच, पुंकेसर पाच. शेवटची खात्री करायची तर फळ फोडा, व्हायबर्नममधे एकच चपटी बाठी, सांबुकसमधे तीन ते पाच बारक्या. हे सगळं जागेवरच वहीत लिहा, घरी आल्यावर आठवतंय म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

कुळाचं नाव हा दुसरा घोळ. जुन्या फ्लोरात (एखाद्या भागातल्या वनस्पतींची नोंद असलेल्या पुस्तकात) ही दोन्ही कॅप्रिफोलिएसीत सापडतील, नंतर अ‍ॅडॉक्सेसीत गेली, आणि आता बऱ्याच ठिकाणी व्हायबर्नेसी लिहितात. तीन पुस्तकांत तीन कुळं बघून पोरगं घाबरतं आणि मग रिपोर्टमधे तिन्ही मिसळून लिहितं. एक पद्धत धरा, कुठली धरली ते एका ओळीत सांगा, संपलं. जातींचं पण तसंच, १९९४ ला बोली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं अमेरिकन एल्डरबेरी सांबुकस नायग्राची उपजात करून टाकली, बाकीचे काही अजून वेगळी जातच मानतात, त्यामुळं लेबलवर नावापुढं कर्त्याचं (ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं) नाव लिहायचा कंटाळा करू नका.

पावसात गोळा केलेला माल रद्दीत घालून आठवडाभर विसरलात तर बुरशी पक्की, आपल्याकडं जुलैत कागद हवेनंच ओला होतो. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला. जुन्या लोकांनी सांगितलं म्हणून किडे लागू नयेत म्हणून नमुन्याला मर्क्युरिक क्लोराइड लावायला जाऊ नका, जहाल विष आहे ते, नमुना वाळवून पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमधे ठेवला की किडे मरतात. आणि कासच्या पठारावरनं काही तोडायचं नाही, २०१२ पासून जागतिक वारसा आहे तो, फॉरेस्टची लेखी परवानगी नसेल तर फोटो काढा आणि गप घरी या.

बागेतल्या झाडांचे प्रश्न वेगळेच. "व्हायबर्नमला फुलं येतात, फळं धरत नाहीत" असं कुणी म्हटलं की मी दोनच गोष्टी विचारतो. झाड स्नोबॉलसारखं गोल गेंदाचं आहे का? असेल तर ती सगळी वांझ फुलं, जन्मात फळ येणार नाही (आणि पाचगणीच्या बंगल्यात असेल तर आधी ते हायड्रेंजिया नाही ना बघा, हायड्रेंजियात जे मोठं दिसतं ती संदलं असतात, व्हायबर्नममधे पाकळ्याच). नसेल तर झाड एकटं आहे का? बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी अजून एक लावलं पण ते त्याच झाडाची फांदी तोडून लावलं, तर काही उपयोग नाही, ते तेच झाड झालं की.

बियांचं म्हणाल तर मी एल्डरबेरीच्या बिया जूनमधे पेरल्या, तीन आठवडे वाट बघितली आणि कुंडी उलटी केली. शुद्ध मूर्खपणा. त्यांना आधी काही महिने उबदार ओल आणि नंतर तीनेक महिने थंडी लागते, साताऱ्याची थंडी त्याला पुरत नाही म्हणून ओल्या वाळूत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायच्या, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नाही. थंड प्रदेशातल्या काही व्हायबर्नममधे तर मूळ आधी निघतं आणि कोंब पुढच्या थंडीनंतर, म्हणजे वर्षभर वर काहीच दिसत नाही आणि खाली काम चालू असतं. एवढा धीर नसेल तर एल्डरबेरीची सरळ फांदी लावा, ती लवकर रुजते.

फक्त बिया घरातल्या फ्रिजमधे ठेवताना डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, खाऊ नये. एल्डरबेरीच्या पानात, देठात, कच्च्या फळात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. १९८३ साली कॅलिफोर्नियात लोकांनी पानं-फांद्यांसकट फळं चेचून रस काढला होता आणि आठ जणांना हवाई मार्गानं दवाखान्यात न्यावं लागलं. आमच्या घरी आईनं तो डबा उघडून वास घेऊन "मोहरी ओली झालीय" म्हणून बाजूला काढला होता, फोडणीत जायच्या आधी मी पोचलो.