भूमिका बांधायची तर आधी वही काढा

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, आवाज कसा लावू?" आवाजाचं नंतर बघू. आधी दोनशे पानी वही आणा.

ही पद्धत मी डेव्हिड सुशेकडून घेतली. 1946 साली लंडनमध्ये जन्मलेला, रॉयल शेक्सपियर कंपनीत मुरलेला नट. 1989 ते 2013 या काळात त्याने टीव्हीवर रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्तीचा बेल्जियन डिटेक्टिव्ह हर्क्युल पॉयरो उभा केला, तब्बल 70 भागांत. त्याआधी 1985 सालच्या एका टीव्ही चित्रपटात पीटर उस्तिनोव्ह हा नट पॉयरो असताना हाच सुशे पोलिसांतला इन्स्पेक्टर जॅप होता.

भूमिका मिळाल्यावर त्याने ख्रिस्तीच्या गोष्टी वाचून काढल्या आणि पॉयरोबद्दल सापडेल ते टिपून ठेवलं. चहा-कॉफीत साखरेचे खडे किती, तेसुद्धा. यादी 93 मुद्द्यांवर गेली.

तुम्ही असं करा. संहिता पहिल्यांदा वाचताना संवाद पाठ करू नका. वहीच्या उजव्या पानावर लेखकाने तुमच्या पात्राबद्दल दिलेलं लिहा, डाव्या पानावर बाकीची पात्रं त्याच्याबद्दल काय बोलतात ते. स्वतःच्या डोक्यातलं इतक्यात एक अक्षरही नको. याबाबतीत मी फार कडक आहे, कारण घाईने सुचलेली लकब मग सुटता सुटत नाही.

मग चाल. घट्ट, चकचकीत पेटंट लेदरच्या बुटांत पॉयरो तुरुतुरु चालतो, हे ख्रिस्तीच्याच लिखाणात आहे. ते जमावं म्हणून सुशेने ढुंगणात नाणं धरून चालण्याची जुनी नाटकवाल्यांची युक्ती वापरली. करून बघा, पावलं आपोआप आखूड पडतात. पात्राच्या चपला-बूट पहिल्या तालमीपासून घाला.

आवाजाची पाळी आत्ता. सुशेचा मूळ आवाज खर्जातला, छातीतून येणारा. पॉयरो डोक्याने जगणारा माणूस, म्हणून त्याने आवाज छातीतून वर डोक्यात नेला. तुमचं पात्र कुठून जगतं, पोटातून, छातीतून की कपाळातून, हे वहीत शोधा. आवाज तिथे लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या मालिकेच्या शूटिंगला बाकावर बसण्याआधी सुशेला रुमाल पसरायचा होता. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. सुशे हटला नाही, निर्मात्याने त्याचीच बाजू घेतली. ख्रिस्तीच्या मुलीने, रोझलिंड हिक्सने, त्याला आधीच बजावलं होतं: प्रेक्षकांनी पॉयरोला हसता कामा नये, त्याच्याबरोबर हसावं. रुमाल पसरताना त्याचा चेहरा बघा. त्या माणसाला स्वच्छ बसायचंय, एवढंच त्यात दिसतं. आपल्याकडे विक्षिप्त म्हाताऱ्याची भूमिका आली की नट हशा वसूल करायला धावतात आणि माणूस हातचा जातो. प्रत्येक लकबीपुढे वहीत "का?" लिहा. उत्तर मिळालं नाही तर ती लकब काढून टाका.

शेवटच्या हंगामात पॉयरोच्या मृत्यूचा भाग आधी चित्रित झाला. त्यासाठी सुशेने वजन उतरवलं, आणि नंतर पुन्हा ठणठणीत पॉयरो उभा केला. तालमीत शेवटचा अंक आधी लागला तर कुरकुरू नका. त्या रात्री घरी जाण्याआधी श्वास किती चढला होता, पाठ किती वाकली होती, हात कुठे होते ते तारखेसकट उतरवून ठेवा. पहिला अंक बसवताना ते पान उघडं ठेवूनच उभे राहा.